डावीकडे टोचतं

मी लिहायला बसलो तेव्हा आमच्या मंडळींनी नाक मुरडलं. तिचं म्हणणं, लोक दिवाळीत चकली खाता खाता काहीतरी खमंग वाचायला मागतात, त्यांना सायकलच्या सीटा कशाला दाखवता. आता मला दुसरं दाखवण्यासारखं काही नाही, त्याला मी काय करू? लालबागेतल्या एका गाळ्यात उभं आयुष्य गेलं आणि तिथे मी एकच काम केलं. लोकांना धड बसवलं.

माझे वडील घोडागाडीचा साज शिवायचे. परळच्या तबेल्यांतून व्हिक्टोरिया निघत होत्या तोवर त्यांचं बरं चाललं. मग घोडे कमी झाले, सायकली वाढल्या. वडील म्हणाले, घोड्याची पाठ गेली, आता माणसाची बैठक धर. मी धरली. सायकल दुरुस्त करणारे मुंबईत पैशाला पासरी होते, पण नुसत्या सीटचं काम करणारा मी एकटाच असेन. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे आणि कुणी खोडून काढलं नाही.

आजच्या पोरांना सीट म्हणजे प्लॅस्टिकच्या सालीत कोंबलेला स्पंज वाटतो. आमच्या वेळची सीट म्हणजे जाड कातड्याचा एक अखंड तुकडा. मागे रिवेटांनी ठोकलेला, पुढे नाकाशी एका बोल्टावर ताणलेला, खाली दोन स्प्रिंगा. खाटेची नवार सैल पडली की आवळतात, तसा तो बोल्ट आवळायचा. नवी सीट म्हणजे शुद्ध पाट. ती मुरावी लागते, आणि ती मुरवायची बसणाऱ्याने. मी तिला खालून तेल पाजणार, उन्हाला धरणार, पण पुढचं काम तुमचं. कळ सोसून रोज बसत राहिलात की तुमच्या बैठकीचे दोन खळगे तिच्यात पडतात आणि मग ती तुमची होते. म्हणून मी गिऱ्हाइकांना बजावायचो, एक वेळ सायकल उसनी द्या, सीट देऊ नका.

ते खळगे कुठे पडणार हे आधी कळलं तर निम्मं काम झालं. त्यासाठी माझी एक युक्ती होती. माझ्या शेजारी गणपतीचा कारखाना. तिथून ओली शाडू आणायची, पत्र्याच्या परातीत सारखी थापायची, वर ओलं फडकं अंथरायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसा. माणसाला बसायची दोन हाडं असतात. दोघांमधलं अंतर ज्याचं त्याचं वेगळं, आणि त्याचा शिक्षणाशी, पगाराशी, घराण्याशी काडीचाही संबंध नाही. उठल्यावर मातीत दोन खड्डे दिसायचे, मी बोटांनी अंतर मोजायचो आणि त्या मापाची सीट काढायचो. भल्याभल्यांनी माझ्या परातीत बसकण मारली आहे. दादरचे वकील बसले, गिरगावातले वैद्य बसले. गोणपाटाचा पडदा होता, तरी बसण्याआधी प्रत्येक जण एकदा मागे वळून बघायचा. शेजारच्या मूर्तिकाराने माती देताना एकच अट घातली होती, बसलेली माती परत कारखान्यात येता कामा नये. ती अट मी जन्मभर पाळली. गणपतीच्या दिवसांत तर ती परात मी धुवून माळ्यावरच टाकायचो, उगाच विषाची परीक्षा कशाला.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. वरळी कोळीवाड्यातला एक नाखवा सीटला मुशी माशाचं तेल चोपडायचा. कातडं लोण्यासारखं मऊ व्हायचं यात शंका नाही, पण तो दुकानात आला की लालबागेतली सगळी मांजरं मागोमाग यायची. दुरुस्तीला ठेवलेली त्याची सीट एका बोक्याने बसून बसून आपल्या मापाची करून घेतली. नाखवा म्हणाला, राहू दे, मला पण बरी वाटते.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतलं. गिरणगावात तेव्हा घरात मीठ नसलं तरी सभेला माणूस हजर असायचा. शिवाजी पार्कच्या सभांना लोक सायकली घेऊन जायचे आणि भाषण रंगात आलं की चोर सीटा काढायचे. मी गिऱ्हाइकांना सल्ला द्यायचो, सीट काढून बरोबर न्या आणि मैदानात तिच्यावरच बसा. बरेच जण तसं करायचे. दिवस नुसते गमतीचे नव्हते. लाठी चालली, गोळी चालली, आमच्याच आळीत घरं रिकामी झाली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच दिवसांतली असूनही हसवणारी आहे, आणि ती आहे वेलकरसाहेबांची.

वेलकर राहायचे ठाकूरद्वारला. जुनं पाठारे प्रभू घराणं, एके काळी अख्खी वाडी त्यांची. आता वाडीतल्या दोन खोल्या आणि फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्कची नोकरी. पण रुबाब वाडी गेली तरी गेला नव्हता. काळा कोट, काळी टोपी, पँटीला क्लिपा, आणि विलायती सायकल अशी पुसलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. एका रविवारी सकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, सीट टोचते.

मला आधी बरंच वाटलं. ठाकूरद्वारहून लालबागपर्यंत माझं नाव गेलं म्हणजे काय! गिरगावातले सायकलवाले मेले काय, हा विचार तेव्हा मनात आला नाही. मी त्यांना परातीत बसवलं. ते बसले, अगदी आरामखुर्चीत बसावं तसे. माप घेतलं, तेल पाजलेली मुरायला आलेली सीट काढली, नाक एक बोटभर खाली घेतलं, आणि सांगितलं, आता झोप लागली तर मला बोल लावू नका.

पुढच्या रविवारी वेलकर हजर. म्हणाले, डावीकडे टोचतं.

मी सीट बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी परत, डावीकडे टोचतं. मी स्प्रिंगा बदलल्या. बोल्ट आवळला, सैल केला, दांडी वर केली, खाली केली. डावीकडे टोचतंच. माझी झोप उडाली. मंडळी म्हणाली, इतकी काळजी तुम्ही माझ्या कंबरेची कधी केली नाहीत. तिला काय सांगणार? माझ्या हातची सीट टोचते म्हणजे सोनाराने कान टोचावेत आणि कान चिघळावा, तसं झालं होतं.

शेवटी मी एक डाव टाकला. एका रविवारी त्यांची सायकल आत नेली, खाटखूट आवाज केला, कशालाही हात लावला नाही आणि परत दिली. त्याच्या पुढच्या रविवारी दुकानातली सगळ्यात रद्दी सीट, जिच्यावर शत्रूलाही बसवू नये अशी, ती चढवली. दोन्ही वेळा वेलकरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, थोडा फरक आहे, पण डावीकडे टोचतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाचं दुखणं सीटवर नाही.

मग मी सीट सोडली आणि माणूस बघायला लागलो. माझ्या दुकानात एक बाकडं होतं. मी काम करत असताना वेलकर त्याच्या एका ठरावीक टोकाला बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि पान उलटायचे नाहीत. त्या टोकावरून समोरच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी दिसायची. तिथे एक मुलगी एकच टॉवेल वाळत घालायची, काढायची, झटकायची, परत घालायची. ते गेले की टॉवेल आत.

मंडळींना विचारलं. चाळीत तिला ठाऊक नाही असं काही नसतं. ती म्हणाली, अहो, ती परबांची सून मालती, ठाकूरद्वारच्या वेलकरांची मुलगी. परळच्या शाळेत शिकवते. आमच्या वसंताबरोबर तिने बापाला न विचारता लग्न केलं, तेव्हापासून बाप जिना चढलेला नाही. तुम्ही इतके दिवस काय बघत होतात?

मी नाकाखालचा बोल्ट बघत होतो, पण हे बोलून दाखवलं नाही.

वसंता परब म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर वाढलेलं पोर. बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, मुळचे मालवणकडचे. वसंता शिकला, मालतीच्याच शाळेत मास्तर झाला आणि संध्याकाळी सभांतून बोलायला लागला. माणूस सोन्यासारखा, आवाज मात्र भोंग्याला लाजवील असा. वेलकरांना त्याची जात टोचली, त्याची चाळ टोचली आणि त्याची भाषणं तर फारच टोचली. त्यांचं मत, मुंबईचं वाटोळं करायला ही माणसं निघालीत. रागाच्या भरात त्यांनी शपथ घेतली, त्या चाळीची पायरी चढणार नाही. शपथ तोंडातून गेली आणि लेक तर एकुलती एक. आता करायचं काय? शपथेत पायरी चढणार नाही एवढंच होतं. समोरच्या सीटवाल्याकडे बसणार नाही, असं कुठे होतं?

हे इथवर मजेचं होतं. पण मालतीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही आपली रीत. तिकडे तिची आई डोळ्यांत प्राण आणून बसलेली आणि नवऱ्यापुढे तोंड उघडायची चोरी. मी एकदा चाळीच्या नळावर मालतीला गाठून म्हटलं, पोरी, मी तुझ्या वडिलांशी बोलू का? ती बापाचीच लेक, बापाला भाई म्हणायची. म्हणाली, "तात्या, भाई स्वतः वर येऊन मला चल म्हणाले तर मी अनवाणी निघेन. खालून निरोप आला तर नाही जाणार. माझ्या नवऱ्याच्या घराला पायरी आहे."

मी म्हटलं, बरं बाई. जायला निघालो तर तिने परत हाक मारली आणि हळूच म्हणाली, "आणि त्यांची सीट इतक्यात बरी करू नका."

झालं. ज्या माणसाने लोकांना बसवण्यात हयात घालवली, त्याच्याकडे न बसवण्याचं काम आलं. आणि खरं सांगतो, मला त्यात फार मजा आली. सीट चांगली करायला कसब लागतं, पण बेताने वाईट करायला त्याहून जास्त लागतं. फार बिघडवली तर माणूस वाटेत पडेल, कमी बिघडवली तर पुढच्या रविवारी त्याला तोंड वर करून यायला कारण उरणार नाही. चांगली सीट परत चढवली होतीच, तिच्या मागच्या एका नटाला मी अर्धा आटा सोडून ठेवायचो, म्हणजे शनिवारपर्यंत सीट आपोआप डावीकडे कलायची. गिऱ्हाईक खोटं बोलत असेल तर त्याचं बोलणं खरं करून देणं हेही दुकानदाराचं कामच आहे.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच की वेलकरही तेच करत होते. रविवारी निघण्यापूर्वी ते घरून पान्याने तोच नट सैल करून यायचे. एका रविवारी दोघांची मेहनत एकत्र आली. भायखळ्याच्या पुढे सीटच निखळली. वेलकर तिथून उभ्याने पेडल मारत आले. मी दुकानात बसलोय, समोरून काळा कोट, काळी टोपी, कपाळावर घाम, एका हातात हँडल आणि बगलेत सीट. सायकल त्यांनी भिंतीला लावली, सीट माझ्यापुढे ठेवली, रुमालाने टोपीखालचा घाम पुसला आणि म्हणाले, "अजून डावीकडे टोचतं."

मी हसलो नाही. कसा राहिलो ते माझं मला माहीत. आत जाऊन गोणपाटाच्या पडद्यात तोंड खुपसलं तेव्हा कुठे मोकळा झालो.

येताना त्यांच्या हँडलला एक पितळी डबा लटकलेला असायचा आणि जाताना ते तो न चुकता विसरायचे. डब्यात कधी कोळंबीचं भानोलं, कधी आणखी काही, सगळं मालतीच्या आईच्या हातचं. पुढच्या रविवारी रिकामा डबा त्यांच्या हँडलला परत लागलेला असायचा आणि त्याबद्दल कुणी कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. वरून मालतीही गप्प बसायची नाही. वेलकर बाकड्यावर टेकले की माझ्या मागच्या दाराने चहाचा कप यायचा. मी तो इराण्याकडून मागवलाय अशा थाटात त्यांच्यापुढे ठेवायचो. ते शेवटचा थेंब पिऊन कप बशीत उलटा ठेवायचे. वसंताही शहाणा. सासरे दिसले की मागच्या जिन्याने सटकायचा, का, तर त्यांना बघताना संकोच वाटू नये.

असे दोन्हीकडचे एवढे समजूतदार असले म्हणजे काम कधी पुढे सरकत नाही. सगळ्यांचं सगळं छान चाललं होतं आणि मालतीचे दिवस मात्र भरत आले. एका सकाळी मंडळींनी माझ्यापुढे पिठलं आपटलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघे पुरुष बोल्ट फिरवत बसा. तिकडे पोरगी बाळंत होईल आणि आई जवळ नसेल."

ती म्हणत होती ते खरं होतं. आम्ही खेळ मांडला होता आणि तो संपवायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ठरवलं, येत्या रविवारी वेलकरांना तोंडावर सांगायचं, सीटला काही झालेलं नाही, वर जा. मग सुचलं की असं सांगितलं तर अपमान होऊन ते परत येणारच नाहीत. त्यापेक्षा टोचलेलं बरं. तो रविवार मी तसाच जाऊ दिला.

आणि मग हरताळ आला. आदल्या दिवशी लालबागेत बरीच गडबड झाली होती, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या, अश्रुधुराने आमच्या मंडळींचे डोळे दिवसभर चुरचुरत होते. हरताळाच्या दिवशी ट्राम नाही, बस नाही, दुकानं कडकडीत बंद. मी दुकानाच्या फळ्या लावून बाहेर पायरीवर बसलो होतो. रस्ता इतका रिकामा की वरच्या मजल्यावरची फोडणी ऐकू येत होती. दुपारच्या सुमाराला लांबून काळी टोपी दिसली.

तो रविवार नव्हता. वेलकर सायकल हाताने ढकलत येत होते आणि दोन्ही टायर बसलेले. भायखळ्याच्या नाक्यावर चळवळीतल्या पोरांनी कोट-टोपी बघितली आणि हा गृहस्थ हरताळ मोडून हापिसात निघालाय असं समजून दोन्ही टायरची हवा काढली. वेलकरांनी एका शब्दानेही सांगितलं नाही की हापीस उलट्या दिशेला आहे. सांगायचं म्हणजे मग कुठे निघालोय तेही सांगावं लागलं असतं.

त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. टॉवेल नव्हता. दार लोटलेलं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, दुकान उघडा, सीट टोचते.

मी म्हटलं, साहेब, आज हरताळ.

म्हणाले, निदान हवा भरा.

मी म्हटलं, आज हवासुद्धा नाही. पंप माझ्या पाठीमागे फळीआड होता, त्यावर मी आणखी जरा मागे रेलून बसलो. बाकडं आत बंद, वर्तमानपत्र नाही, चहा नाही. रस्त्याच्या मधोमध हा माणूस उभा, दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या, कारण हरताळाच्या दिवशी लोकांना बघायला दुसरं होतं काय? वेलकरांनी परत वर बघितलं. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी सीटशिवाय दुसरं काही विचारलं.

"वर... सगळं बरं आहे ना?"

मला माहीत होतं. मालतीच्या पायांना सूज आली होती म्हणून डॉक्टरांनी उभं राहू नको असं सांगितलं होतं, एवढंच. ते मी सांगून टाकलं असतं तर ते तसेच परत गेले असते. मी म्हटलं, "मी सीटवाला. वरचं मला काय ठाऊक? वर जाऊन बघा."

त्यांनी सायकलवर भार टाकला. मला वाटलं, आता हा माणूस इथेच रस्त्यावर बसतो की काय. मी उठणार, तेवढ्यात समोरच्या जिन्यातून वसंता बाहेर आला. या खेपेला तो मागच्या जिन्याने सटकला नव्हता. तो सरळ आला, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, आणि ती विलायती सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि जिना चढायला लागला.

"अहो, माझी सायकल," वेलकर म्हणाले. जावयाशी ते बोलले ते हे पहिलं वाक्य.

वसंता थांबला नाही. आमच्याकडे सायकली वरच ठेवतात, खाली ठेवली तर सकाळपर्यंत घंटासुद्धा उरत नाही. त्यामुळे त्याने जगावेगळं काही केलं असं नाही. गॅलरीतल्या बायका बाजूला होऊन सायकलला वाट देत होत्या, एखादी नवरी घरात घ्यावी तशी. दुसऱ्या मजल्यावर सायकल कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिच्या शेजारी वसंताची आई, परबकाकी, कमरेवर हात ठेवून.

"व्याह्यानू, वर येवा," काकी वरून म्हणाल्या. "सायकल वर आणि तुमी खाली, ह्या काय बरा दिसता?"

वेलकरांनी मान वर केली. त्यांनी शपथेचं नाव काढलं नाही. त्याऐवजी एक दुसरीच रीत पुढे केली, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात, तेव्हा वर येऊन काय करू. अडलेल्या माणसाला रीतीभाती फार आठवतात.

काकी म्हणाल्या, "पाणी नको तर चाय घेवा. गेले कित्येक आयतवार आमचीच चाय पितास."

गॅलऱ्यांत खसखस पिकली. मी मान खाली घातली, कारण त्या चहाला इराण्याचा म्हणणारा मीच. वाटलं, आता हा माणूस चिडणार. पण वेलकरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाले, "ठाऊक आहे. इराणी चहात एवढा वेलदोडा घालत नाही. तो तिच्या आईचा हात आहे."

मग त्यांनी पँटीच्या क्लिपा काढल्या, खिशात टाकल्या, टोपी नीट केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी मागोमाग गेलो. सायकलच्या माणसाने सायकल बघायला नको का? जिना अंधारा होता, त्यात वेलकर कठडा धरून चढत होते, मध्ये एकदा थांबले. दम लागला की धीर सुटला, मला कळलं नाही. मी मागे दोन पायऱ्या सोडून उभा राहिलो आणि ते चढायला लागले तसा चढलो.

मालती आत जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती. पाय भरलेले, चेहरा उतरलेला. बापाला दारात बघून ती उठायला गेली, काकींनी खांदा दाबून बसवलं. वेलकर उंबऱ्यात उभे. इतके महिने रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना बघत आलेली माणसं, आणि आता मध्ये रस्ता नाही म्हटल्यावर नजर ठेवायची कुठे हे कळेना. शेवटी तीच बोलली. बापाची खोड काढायची तिने अजून सोडली नव्हती.

"भाई, सीट कशी आहे?"

वेलकरांनी टोपी काढली. मी त्यांना तोवर बिनटोपीचं पाहिलं नव्हतं. ते तिच्यापुढे खाली बसले, जमिनीवर, कोटासकट, आणि तिचे सुजलेले पाय हातात घेतले.

"पहिल्या दिवसापासून चांगली आहे," ते म्हणाले. "चल घरी. आई वाट बघत्येय." मग मान वळवून वसंताकडे बघितलं. "तुम्हीही चला."

मी तिथून निघालो. चाळीतले सगळे दारात उभे होते आणि मला पुढे काही दिसत नव्हतं, तो जिन्यातला अंधार होता असं मी मंडळींना सांगितलं. तिने मानलं नाही. दुकानापाशी येऊन मी फळीआडचा पंप काढला, परत वर गेलो आणि भर हरताळात दोन्ही चाकांत हवा भरली. गॅलरीतून कुणी तरी विचारलं, तात्या, हे हरताळात बसतं का? मी म्हटलं, हे घरकाम आहे.

हरताळ सुटला त्या दिवशी वेलकर टॅक्सी घेऊन आले आणि मालतीला घेऊन गेले. तिला मुलगी झाली, ठाकूरद्वारला, आईच्या हाताखाली. वसंताची भाषणं थांबली नाहीत आणि वेलकरांची मतंही बदलली नाहीत. दोघे जेवताना भांडायचे असं मालती सांगायची, पण जेवायला एका पंगतीत बसूनच.

माझ्या दुकानात मात्र वेलकर त्यानंतर कधी आले नाहीत. दर रविवारी यायचे, सायकल माझ्या दाराला लावायचे, माझ्याकडे न बघता समोरचा जिना चढून सरळ वर जायचे. मला थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मग मी त्यांच्या सीटवरून एकदा फडकं फिरवायचो. खळगे दोन्ही बाजूंना सारखे पडले होते.